१२० तास आणि तुमची सही

वाचकाचं पत्र :

“सर, नमस्कार. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझी माती-पाणी परीक्षणाची छोटी प्रयोगशाळा आहे. मी, एक लॅब असिस्टंट आणि नमुने नोंदवून घ्यायला एक मुलगी, एवढाच पसारा. गेल्या वर्षी जवळच्या कॉलेजनं एम.एस्सी. केमिस्ट्रीची चार मुलं ‘ओजेटी’ला पाठवली. नवीन शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकण्याला, चार क्रेडिट म्हणजे १२० तास आहेत, आमच्या मुलांनी जायचं तरी कुठं, असं विभागप्रमुख म्हणाले. मला नाही म्हणवेना. चौघांतली एक मुलगी मन लावून शिकली. दोघं आठवड्यातून दोनदा तोंड दाखवून जायचे. चौथ्याच्या हातून दोन नमुन्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि दोन शेतकऱ्यांना एकमेकांचे रिपोर्ट गेले. एकानं तर चोपण जमीन सुधारायला घालतात त्या जिप्समची पोती आणून ठेवली होती. ‘माझी माळाची जमीन, तिथं एवढे क्षार कुठनं आले?’ म्हणून तो विचारायला आला तेव्हा घोटाळा कळला. माझा असिस्टंट वैतागून गेला. वर शेवटच्या दिवशी एका मुलाच्या वडिलांचा फोन आला, ‘मॅडम, १२० तासांची सही तेवढी द्या, पोराचं वर्ष जाईल.’ मी दिली. ती अजून मनात सलते.

यंदा सहा मुलं घ्याल का, असं कॉलेजचं पत्र आलंय. मे-जूनमध्ये, म्हणजे नेमका आमच्याकडे नमुन्यांचा ढीग असतो तेव्हा. हाताखाली माणसं मिळतील असंही वाटतं आणि भीतीही वाटते. सहांत चार मुली आहेत, त्यांची जबाबदारी वेगळीच. पैसे द्यायचे असतात का? सरकार देतं असं कुणीतरी सांगितलं. घ्यावीत की सरळ हात जोडावेत?”

ताई,

दोन घ्या. सहा घेऊ नका, आणि हातही जोडू नका.

दोनच का, ते आधी सांगतो. गेल्या वर्षीच्या तुमच्या निम्म्या अडचणी त्या आकड्यातूनच आल्यात. तीन माणसांच्या जागेत चार शिकाऊ आले, म्हणजे शिकवणाऱ्यांपेक्षा शिकणारे जास्त झाले. मी कोल्हापुरात बरीच वर्षं एक लहान कारखाना चालवला आणि दर उन्हाळ्यात माझ्याकडे मुलं असायची. त्यातून बसलेला माझा हिशेब असा आहे. एका जोडीला पहिले सहा दिवस रोज दोन तास द्यावे लागतात. नंतर रोज पाऊण तास पुरतो. शेवटी त्यांचा अहवाल वाचायला एक बैठक लागते. वीस दिवसांत हे पंचवीस तासांच्या घरात जातं. एवढे तास तुमच्या वहीत आहेत का, ते बघा. असतील तर दोन घ्या. नसतील तर एकही घेऊ नका, आणि कॉलेजला तसं स्पष्ट कळवा. एकट्या मुलाला मात्र घेऊ नये असं माझं मत आहे. एकटं पोर बुजतं, प्रश्न मनातच ठेवतं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला चहा सांगायला पाठवलं जातं. दोघं असले की एकमेकांना विचारतात, एकाचं चुकलं तर दुसरा टोकतो.

आता हे पंचवीस तास द्यायचे कुणी? होकार तुम्ही दिलात आणि काम असिस्टंटच्या अंगावर पडलं. तो वैतागला तो मुलांवर नाही. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्याची रोजची कामं तेवढीच राहिली, वर चार जणांना ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची काचेची नळी, धरायला शिकवायचं. म्हणून यंदा कॉलेजला उत्तर देण्याआधी त्याच्याशी बोला. त्याला हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे. हो म्हणाला तर त्या वीस दिवसांत त्याचं एखादं काम कमी करा, थोडं मानधन द्या, आणि कॉलेजच्या कागदावर मार्गदर्शक म्हणून त्याचं नाव लिहा. आपल्याकडे शिकवणारा एक आणि सही करणारा दुसरा असतो. तुमच्या प्रयोगशाळेत तरी असं होऊ देऊ नका.

‘हाताखाली माणसं मिळतील’ असं तुम्ही लिहिलंय. ताई, ही आशा मनातून काढा, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात ओजेटी आली. दुसऱ्या सत्रात चार क्रेडिट, एका क्रेडिटला तीस तास, म्हणून १२० तास. दिवसाला सहा तास धरले तर वीस दिवस. त्यातले पहिले साठ तास मुलं तुमच्याकडून घेतच असतात. पुढच्या तीस-चाळीस तासांत त्यांचा हात बसू लागतो. थोडाफार उपयोग होऊ लागतो तोवर त्यांची जायची वेळ होते. मजुरी म्हणून बघाल तर हा तोट्याचा व्यवहार आहे, आणि तो तसाच असायचा आहे, कारण हे तास विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातले आहेत. दुसऱ्या एखाद्या विषयाचे साठ तास वर्गात होतात, या विषयाचे १२० तुमच्याकडे होतात, एवढाच फरक. त्या वीस दिवसांपुरतं तुमची प्रयोगशाळा हे कॉलेज आहे.

आपल्या भागाला हे नवं वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून ‘कमवा आणि शिका’ हे शब्द सातारा-सांगलीकडच्या घराघरात आहेत. पण तिथं पोरगं काम करायचं ते शिक्षणाचा खर्च भागवायला. इथं काम हेच शिक्षण आहे. म्हणून काम कोणतं देता, याला इथं जास्त महत्त्व आहे.

मी स्वतः विद्यार्थी असताना एका मोठ्या कारखान्यात उन्हाळी प्रशिक्षणाला गेलो होतो. सहा आठवडे मला आवक-जावक टेबलावर बसवलं. पाकिटांवर पत्ते लिहायचे आणि रजिस्टरला नोंद करायची. काचेपलीकडे यंत्रं चालायची, तिकडं जायची परवानगी नव्हती. जाताना दाखला मिळाला, त्यावर लिहिलं होतं ‘उत्पादन नियोजनाचं प्रशिक्षण समाधानकारकरीत्या पूर्ण’. तो कागद घेऊन घरी जाताना मला लाज वाटली होती. वडिलांनी तो फ्रेम करून घेतला, तेव्हा जास्तच वाटली. तेव्हापासून अशा दाखल्यांकडे मी त्या मुलाच्या जागेवरून बघतो.

आता तुमच्या चिठ्ठ्यांकडे येतो. ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून जरा लांबून सांगतो.

चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या त्यात त्या मुलाचा दोष थोडा आणि तुमच्या रचनेचा जास्त. आठवड्याभरापूर्वी आलेल्या पोराच्या हातात शेतकऱ्याचा खरा नमुना होता, आणि त्यानं काढलेला आकडा दुसऱ्या कुणी न तपासता रिपोर्टवर गेला. हे बंद करा. यंदा नियम असा ठेवा : शिकाऊ मुलांनी काढलेला एकही आकडा शेतकऱ्याच्या कागदावर जाणार नाही.

मग मुलांनी करायचं काय? तुमच्याकडे तपासून झालेल्या नमुन्यांच्या राखीव पिशव्या असतील. बहुतेक प्रयोगशाळा त्या काही महिने ठेवतात. त्यातले वीस-पंचवीस निवडा, काळ्या जमिनीचे, माळाचे, नदीकाठच्या मळीचे, क्षारपड, असे वेगवेगळे. त्यांचा सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश तुमच्या रजिस्टरमध्ये आहेच. पिशव्यांना नवे नंबर द्या, जुने आकडे मुलांना दाखवू नका. त्यात एक नमुना मुद्दाम दोनदा घाला, दोन वेगळ्या नंबरांनी. आता मुलांना करू द्या. त्यांचे आकडे तुमच्या आकड्यांशी जुळले की हात बसला. एकाच मातीच्या दोन पिशव्यांना त्यांनी दोन वेगळे सेंद्रिय कर्ब दिले, की मग बसून चूक शोधायची. वजनात गेली, चाळणीत गेली, की रंग ओळखण्यात? मे-जूनच्या गर्दीतही हे चालेल, कारण चालू नमुन्यांच्या तपासणीला त्यांचा हातच लागत नाही.

सेंद्रिय कर्बाचंच घ्या. एक ग्रॅम माती, दहा मिली डायक्रोमेट, वीस मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, अर्धा तास थांबायचं, पाणी घालून थंड करायचं, फॉस्फोरिक ॲसिड आणि इंडिकेटर घालून टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडायचं. निळसर-जांभळ्याचा हिरवा व्हायला एक थेंब पुरतो. कॉलेजात हे मुलांनी फार तर एकदा-दोनदा केलेलं असतं, तेही चौघांत एक ब्युरेट. तुमच्याकडे सलग पंचवीस फ्लास्क केले की सतराव्या फ्लास्कला डोळा थकतो, लक्ष उडतं, आणि हिरवा कधी झाला ते कळतच नाही. नोकरीत हेच होणार असतं. थकल्यावर आकडा खरा कसा ठेवायचा, हे कॉलेजात शिकवता येत नाही. तुमच्याकडे येतं.

पण या सगळ्याच्या आधी दोन दिवस मुलांना कशालाही हात लावू देऊ नका. ॲप्रन, गॉगल, हातमोजे, बंद बूट. चप्पल घालून आलेल्याला परत पाठवा, मग तो कुणाचाही पोरगा असो. ॲसिडची बाटली कुठून उचलायची, पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही, अंगावर उडालं तर नळ कुठं आहे, डायक्रोमेटचं सांडपाणी मोरीत का ओतायचं नाही. एम.एस्सी.ची मुलं आहेत, त्यांना माहीत असेल, असं धरून चालू नका. त्यांनी ते परीक्षेत लिहिलेलं असतं. तुम्ही करून दाखवा आणि त्यांच्याकडून करून घ्या. कॉलेजला विद्यार्थ्यांच्या अपघात विम्याबद्दल आताच लेखी विचारा. विमा आहे का, आणि तो कॉलेजबाहेरच्या प्रशिक्षणाला लागू आहे का, असे दोन प्रश्न. उत्तर कागदावर हवं.

तिसऱ्या दिवसापासून त्यांना नमुने घेण्याच्या टेबलावर बसवा, तुमच्या नोंदणीच्या मुलीशेजारी. हे काम त्यांना हलकं वाटेल. त्यांना सांगा की गेल्या वर्षी घोटाळा झाला तो मशीनवर झाला नव्हता, चिठ्ठीवर झाला होता. पिशवीच्या आत एक चिठ्ठी, बाहेर एक नंबर, रजिस्टरला तोच नंबर. सावलीत वाळवायला पसरताना नंबर मातीसोबत, कुटताना मातीसोबत, दोन मिलीमीटरच्या चाळणीतून काढताना मातीसोबत. एका वेळी टेबलावर एकच नमुना उघडा. त्या मुलाची गोष्ट नाव न घेता सांगा. जिप्समच्या पोत्यांपर्यंत पूर्ण सांगा. आपण नंबर चुकवला तर कुणाचे तरी पैसे जातात आणि कुणाची तरी जमीन बिघडू शकते, हे त्यांना कळलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

एक दिवस त्यांना शेतावर न्या. नागमोडी चालत जागा निवडायच्या, पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा घ्यायचा, कडेची माती तासून घमेल्यात घ्यायची, सगळ्या जागांची एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, शेवटी अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाजवळची, खताच्या ढिगाखालची, झाडाखालची माती का घ्यायची नाही, हे शेतकऱ्याकडूनच त्यांना ऐकू द्या. एम.एस्सी. होऊनही ज्यानं मातीचा नमुना घेतलेला नाही, त्याला रिपोर्टमधला आकडा कुठून आला हे कळणार नाही.

आणि भाषेचं. या मुलांना फॉस्फरस, पोटॅशियम, इलेक्ट्रिकल कंडक्टिव्हिटी माहीत असते. तुमच्या दारात येणारा शेतकरी स्फुरद, पालाश आणि ‘रानात मीठ फुटलंय’ असं बोलतो. दोघांच्या मधे तुम्ही वर्षानुवर्षं दुभाष्याचं काम करताय, आणि मला वाटतं तुमचं खरं कसब तेच आहे. ते या मुलांना द्या. तिसऱ्या आठवड्यात, तुम्ही तपासून सही केलेला रिपोर्ट घेऊन एकेकाला शेतकऱ्यासमोर बसवा, तुमच्या देखत. सामू साडेआठ म्हणजे काय, मग काय करायचं आणि काय करायचं नाही. शेतकरी प्रश्न विचारेल. ‘ऊस लावू का?’ पोरगं अडेल. तिथं तुम्ही बोला. पण आधी त्याला अडू द्या.

कॉलेज अहवाल मागतं. तो बहुतेक वेळा नेटवरून उतरवलेला असतो. त्याऐवजी एक छोटं खरं काम द्या. कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत जास्त पाण्यानं आणि निचरा नसल्यानं क्षारपड झालेली रानं आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. एका गावातली, एका ओढ्याच्या दोन्ही बाजूंची बारा रानं घ्या. मालकाला विचारून नमुने घ्यायचे, सामू आणि क्षारता दोनच गोष्टी काढायच्या, आणि हातानं काढलेल्या नकाशावर मांडायच्या. ओढ्यापासून लांब जाताना आकडा कसा बदलतो? कुठल्या रानाला निचऱ्याचे चर आहेत, कुठल्याला नाहीत? बारा ठिपक्यांवरून मोठे निष्कर्ष काढू नका, एवढं मुलांना सांगा. पण त्यांचा अहवाल त्यांचाच असेल, कॉपी करता येणार नाही. आणि तुमच्याकडे दरवर्षी एका गावाचा नकाशा जमत जाईल.

शेतकऱ्यांची नावं, गट नंबर, मोबाईल मात्र अहवालात नकोत. मुलांना पहिल्या दिवशी सांगा की रिपोर्टचा फोटो काढायचा नाही, स्टेटसला लावायचा नाही. खतवाल्यांना कुणाच्या रानात काय कमी आहे हे कळलं तर ते काय करतात, हे तुम्ही बघितलंच असेल.

आता सहीचं.

त्या वडिलांचा फोन आला तेव्हा तुम्ही एकट्या पडलात. शेवटच्या दिवशी कुणीही पडेल. आई-बापाचा गहिवरलेला आवाज आणि आपल्या हातातलं पेन, यात पेन हरतं. म्हणून सहीचा निर्णय शेवटच्या दिवसावर ठेवायचाच नाही. पहिल्या दिवशी एक साधी शंभर पानी वही करा. रोज आल्याची वेळ, गेल्याची वेळ, आज काय केलं याच्या दोन ओळी मुलाच्या हातच्या, आणि खाली असिस्टंटची सही. मागच्या तारखांची सही नाही. शनिवारी तासांची बेरीज. पहिल्या शनिवारी छत्तीसच्या जागी वीस निघाले, तर त्याच दिवशी मुलाला सांगा आणि कॉलेजच्या मार्गदर्शक शिक्षकांना कळवा. तेव्हा भरून काढायला वेळ असतो. घरी आजारपण असेल, लग्न असेल, पोराला गावाकडं जनावरांचं बघायचं असेल, तर दिवस पुढं घ्या, रविवार द्या. त्यात कडकपणा नको. आकड्यात मात्र असावा.

तरीही शेवटी ७२ तासच भरले, तर दाखल्यावर ७२ लिहा. ‘नापास’ लिहू नका, शेराही मारू नका. फक्त ७२. पुढं काय करायचं ते कॉलेजनं ठरवायचं, उरलेले तास दिवाळीच्या सुट्टीत भरून द्यायची तयारी दाखवा. आणि वडिलांचा फोन आलाच, तर म्हणा, “दादा, वही तुमच्या मुलानंच लिहिलीय, ती मला बदलता येत नाही. उरलेल्या तासांना तो आला तर मी स्वतः बसून शिकवीन.” मी हे शब्द वापरलेत. पहिल्या वेळी समोरचा चिडला होता. मुलगा मात्र आला.

गेल्या वर्षीच्या सहीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण लिहिलंय, म्हणजे ती बोचतेय. मी तुमच्या जागी असतो तर विभागप्रमुखांना भेटून सांगितलं असतं, की अमुक दोघांचे तास पूर्ण नव्हते आणि मी सही केली, ती माझी चूक झाली. निकाल लागून गेलाय, ते त्यावर काय करतात ही त्यांची बाब. पण ती क्रेडिट आता त्या मुलांच्या खात्यावर जमा आहेत, आणि त्या चौघांतल्या ज्या मुलीनं एकेक तास भरला तिच्या खात्यावरही तेवढीच आहेत. मला त्यातलं दुसरं जास्त लागतं. शिवाय तुम्ही हे बोललात की यंदाच्या अटी का घालताय, ते त्यांना वेगळं समजवावं लागणार नाही.

पैशांचं थोडक्यात. ओजेटीला विद्यावेतन देण्याची तुमच्यावर सक्ती नाही. तुम्ही ऐकलंय ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. ती २०२४ मध्ये सुरू झाली, शिक्षणानुसार महिना ६ ते १० हजार रुपये सरकार देतं, पण शिक्षण चालू असलेले विद्यार्थी तिच्यात बसत नाहीत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालची अप्रेंटिसशिपही वेगळी, तिचा रीतसर करार असतो. या तिन्हींची सरमिसळ करू नका. सक्ती नसली तरी जाण्या-येण्याचं भाडं द्या, असं मी आग्रहानं सांगेन. मुलांचा एसटीचा पास घर ते कॉलेज असा असतो, तुमच्या गावच्या रस्त्याला तो चालत नाही. वीस दिवस रोज साठ-सत्तर रुपये हे ज्या घराला जड जातं, त्या घरातलं पोरगं मग आठवड्यातून दोनदाच येतं. गेल्या वर्षीच्या त्या दोघांना तुम्ही विचारलं होतंत का, की का येत नाही? कदाचित ते आळशी असतील. कदाचित नसतील. आणि उलट्या बाजूनं, मुलांकडून प्रशिक्षणाचे म्हणून एक रुपयाही घेऊ नका. दाखल्यासाठी पैसे घेणाऱ्या जागा निघाल्यात. त्यांच्या रांगेत आपलं नाव नको.

मुलींच्या जबाबदारीला भिऊन मुली टाळू नका. असं अनेक ठिकाणी होतं आणि शेवटी त्यांना कुठल्यातरी झेरॉक्सच्या दुकानात १२० तास काढावे लागतात. तुम्ही स्वतः बाई आहात, तुमच्याकडे यायला त्यांच्या घरचे तयार होतील, ही मोठी गोष्ट आहे. वेळ अशी ठेवा की शेवटच्या एसटीच्या आधीची एसटी मिळेल, शेवटची नव्हे. शेतावर जायच्या दिवशी तुम्ही सोबत असा. स्वच्छतागृहाची कडी नीट लागते का, ते आजच बघा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, पगार असो वा नसो. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागेची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि ती तीन महिन्यांत करायची असते. समितीचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून भिंतीला लावा. तुमच्याकडे वेळ येऊ नये, पण येणाऱ्या मुलीला तो कागद दिसला पाहिजे.

निवड तुम्ही करा, कॉलेजवर सोडू नका. सहाही जणांना एका सकाळी बोलवा, प्रत्येकाशी पंधरा मिनिटं बोला. गुणपत्रिका बघू नका. एक जुना रिपोर्ट पुढं ठेवा आणि विचारा, ‘तुझ्या आजोबांना हा कसा सांगशील?’ ज्याला येत नाही पण सांगायची धडपड करतो, तो घ्या. उरलेल्या चौघांसाठी कॉलेजला दोन मार्ग सुचवा. एक, दुसरी जोडी दिवाळीच्या सुट्टीत, किंवा सत्र चालू असताना आठवड्यातले दोन दिवस, विद्यापीठाच्या नियमात बसत असेल तर. दुसरा, तालुक्यात दूध संघाची, साखर कारखान्याची, द्राक्ष निर्यातदाराची प्रयोगशाळा असेल तर तिथं तुमचा शब्द टाका. तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील.

कॉलेजच्या पत्राला उत्तर या आठवड्यातच लिहा. दोन विद्यार्थी, रोज सहा तास, अमुक तारखेपासून. निवड आमची. रोजच्या वहीत जेवढे तास, तेवढेच दाखल्यावर. मार्गदर्शक म्हणून असिस्टंटचं नाव. विम्याचं लेखी उत्तर. कॉलेजच्या शिक्षकांनी किमान दोनदा येऊन बघायचं, फोनवर नव्हे. आणि गुणांपैकी किती तुमच्या हातात आहेत, कोणत्या गोष्टींना आहेत, तो तक्ता सुरुवातीलाच द्यायचा. विद्यापीठागणिक तो वेगळा असतो, आणि शेवटच्या दिवशी हातात पडला तर अंदाजे आकडे भरले जातात.

आणि गेल्या वर्षीची ती मुलगी, जी मन लावून शिकली. तिचं दुसरं वर्षही आता संपत आलं असेल. तिला पहिल्या दोन दिवसांपैकी एक दिवस बोलवा, गाडीभाडं आणि दिवसाचं मानधन देऊन. पिशवीत चिठ्ठी कशी टाकायची आणि नंबर मातीसोबत कसा फिरवायचा, ते या दोघांना तिला शिकवू द्या.